मागची बर्थ

१

तामलवाडीच्या शिवारात, सोलापूर-तुळजापूर रस्त्याला लागून, बसवेश आणि महादेवी या नवरा-बायकोचं वर्कशॉप होतं. जुन्या बसगाड्या, टेम्पो असं काहीबाही तिथं यायचं आणि घरगाडी होऊन बाहेर पडायचं. आत झोपायला बर्थ, चहापाण्याला ओटा, कोपऱ्यात न्हाणीघर, वर एसी. शहरातली गिऱ्हाइकं त्याला कॅराव्हॅन म्हणत. तामलवाडीत मात्र सगळे घरगाडीच म्हणायचे.

बसवेशचा जीव प्लायवुडात. कुठला सांधा कसा बसवला हे तो हात फिरवून सांगायचा. महादेवीकडं गाडीतले अलार्म असायचे. प्रत्येक गाडीत दोन. एक जमिनीलगत, कारण सिलिंडरचा गॅस जड, तो खाली साचतो. दुसरा झोपणाऱ्याच्या उशाशी, कार्बन मोनॉक्साइडसाठी. "ह्याला वास न्हाय, रंग न्हाय," ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. "झोपलेल्या माणसाला हे उठवत न्हाय, उलट आणखी गाढ झोपवतं. म्हणून वाजला की इचार करत बसायचा न्हाय. आधी बाहेर." गाडी भाड्यावरून परत आली की ती बटण दाबून दोन्ही वाजवून बघायची, ब्रशनं जाळीतली धूळ काढायची, बॅटऱ्या बदलायची. अलार्मच्या पाठीवर मुदतीची तारीख असते. ती उलटली की आतला सेन्सर मरतो, मग हिरवा दिवा लागलेला असला तरी तो डबा आंधळाच. तसले डबे ती सरळ काढून टाकायची.

पावसाळा सरत आला होता तेव्हा बसवेशनं परराज्यातून एक तयार घरगाडी विकत आणली. लांबलचक, पांढरी, आतून अगदी चांगली. मालकानं फार वापरलीच नव्हती म्हणे. महादेवी नेहमीसारखी ब्रश आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आत गेली. खालचा अलार्म मुदत संपलेला निघाला. त्यात नवल नव्हतं. मागच्या बर्थच्या उशाशी असलेल्या दुसऱ्या अलार्मच्या तोंडावर मात्र चिकटपट्टी मारलेली होती. एक नव्हे, थरावर थर. खालची पट्टी पिवळी पडून कडक झालेली, वरची अजून चिकट. कुणीतरी ती परत परत, वर्षानुवर्षं मारली होती.

"कटकट नको म्हणून लावली असंल," बसवेश म्हणाला.

तेही खरंच होतं. लोक असं करतात. महादेवीनं दोन्ही जुने अलार्म काढले, नवे बसवले, वाजवून बघितले आणि जेवायला गेली.

२

दुपारी ती पडद्यांची मापं घ्यायला परत आली. ऊन फार होतं, म्हणून दार ओढून घेतलं आणि एसी लावला. मागच्या बर्थवर गुडघा टेकवून ती खिडकीला टेप लावत होती, एवढ्यात उशाचा अलार्म किंचाळला.

ती तशीच खाली उतरली, दार उघडलं, बाहेर आली. अलार्म गप्प झाला.

गाडीत सिलिंडर नव्हता. शेगडी अजून जोडलेलीच नव्हती. इंजिन बंद. तिनं शांतपणे एकेक कारण तपासलं. शेजारी जनरेटर चालू असेल? नव्हता. व्हार्निशचा वास? त्यानं खालचा अलार्म वाजेल, हा नाही. नवा डबाच बिघडलेला? तिनं दुसरा नवा लावला. मग हातात धरायचं मीटर आणलं, हवेतला वायू मोजणारं. दार उघडं ठेवून गाडीभर फिरवलं. शून्य.

दार लावलं. शून्य.

ती मागच्या बर्थवर बसली. शून्य. मग गिऱ्हाईक झोपतं तशी आडवी झाली, भिंतीकडं पाठ करून, मीटर तोंडासमोर धरून.

आकडा हलला. हळूहळू चढला, क्षणभर थांबला, मग तसाच हळूहळू उतरला. पुन्हा चढला. थांबला. उतरला.

आपल्याच श्वासानं होत असेल, असं तिला वाटलं. माणसाच्या श्वासानं असं होत नसतं हे तिला ठाऊक होतं, तरी मनाला कुठंतरी टेकायचं होतं. तिनं तोंड मिटलं आणि श्वास रोखून धरला.

आकडा चढला. थांबला. उतरला.

तिच्या पाठीमागं फक्त प्लायची भिंत होती. बर्थची गादी मात्र पाठीच्या बाजूला किंचित दबली, कुणी कूस बदलावी तशी. अलार्म वाजायला लागला. महादेवी किती वेगानं बाहेर आली हे तिचं तिलाही कळलं नाही. मीटर आतच राहिलं. ते आणायला तिला संध्याकाळपर्यंत धीर झाला नाही.

३

बसवेश हसला नाही. तो हसणाऱ्यांतला नव्हताच. तो आत गेला, दार लावून बसला, मागच्या बर्थवरही बसला. अलार्म गप्प राहिला.

"आडवं व्हा," महादेवी बाहेरून म्हणाली.

तो आडवा झाला. काही वाजलं नाही. बाहेर आला तेव्हा मीटरवर शून्यच होतं.

"मशीन हाय, महादेवी. कधी कधी येडं होतं."

"दोन डबे आणि मीटर, तिन्ही एकदम येडी झाली व्हय?"

बसवेशनं मीटर उलटसुलट करून बघितलं. पण गाडीही मोकळी ठेवता येईना, कारण लोहाऱ्याहून कृष्णराज आला होता. मास्तर माणूस. त्याची आई, दगडाबाई, पाठीच्या दुखण्यानं कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली. जीप नाही, एसटी नाही, बसून प्रवास म्हणून जमायचाच नाही. तिला एकदा येडशीला नेऊन रामलिंगचा धबधबा दाखवायचा होता. वाहतं पाणी बघायचंय, एवढंच ती म्हणायची.

"तिला आडवं झोपवून न्यायला जागा हवी," कृष्णराज म्हणाला. "मागची बर्थ अगदी बरोबर हाय बघा."

"दुसरी गाडी देऊ," महादेवी म्हणाली. पण दुसऱ्या गाड्या बाहेर होत्या, आणि पाणी आटायच्या आत जायचं होतं. शेवटी तिनं हट्टानं शेगडी जोडूच दिली नाही, सिलिंडर ठेवू दिला नाही. एसी मुक्कामाच्या जागी मिळणाऱ्या विजेवर चालणार होता. आता गाडीत जळणारं असं काहीच नव्हतं.

"मग वाजंल कशानं?" बसवेशनं हळूच विचारलं.

तिनं कृष्णराजच्या बायकोला, राजनंदिनीला, बाजूला घेतलं. "ताई, हे वाजलं की आईला उचलून बाहेर काढायचं. कारण शोधत बसू नका."

"व्हय की," राजनंदिनी म्हणाली. ती मनापासूनच म्हणाली होती.

४

गाडी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बसवेश प्लाय आणायला सोलापूरला गेला आणि महादेवीनं अकराच्या सुमारास राजनंदिनीला फोन लावला. ती मंडळी आदल्या दिवशी येडशीला पोचली होती. रामलिंगच्या रस्त्यावर एका शेतकऱ्यानं अशा गाड्यांसाठी जागा करून विजेची सोय केली होती, तिथं गाडी उभी होती. आईला दुपारनंतर पाण्यावर न्यायचं ठरत होतं.

"अलार्म?" महादेवीनं विचारलं.

"ताई, ते सारखं वाजलालं होतं की. आई झोपल्या की वाजतंय, उठवलं की गप. लई तरास झाला त्यान्ला. ह्यांनी काढून बाहेर दगडावर ठेवलंय. आता गप हाय. आम्हीबी जरा पडलाव."

"ताई, उठा. आत्ता उठा. दार उघडा."

"डोकं दुखतंय ओ थोडं," राजनंदिनी म्हणाली. तिची जीभ जड झाली होती. "उठते जरा वेळानं." आणि फोन बंद झाला.

महादेवीनं पुन्हा लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. या वेळी उचलला गेला.

"ताई?"

कुणी बोललं नाही. पण पलीकडं कुणीतरी होतं. श्वास येत होता. सावकाश आत, क्षणभर थांबून, सावकाश बाहेर. ही लय तिनं आधी पाहिली होती, मीटरवरच्या आकड्यांत. श्वास फोनच्या अगदी जवळ आला, जणू आता कुणी कानात काही सांगणार.

तिनं फोन कापला, पिकअपची किल्ली उचलली आणि गाडी हायवेला घातली.

५

तुळजापूरच्या अलीकडंच तिनं बसवेशला कळवलं. मग कलीमला फोन लावला. कलीमचं येडशी फाट्यावर टायरचं दुकान होतं. आधी तो त्यांच्याच वर्कशॉपमध्ये होता, भरवशाचा माणूस. तिनं गाडी कुठं उभी आहे ते सांगितलं, ॲम्ब्युलन्स बोलवायला लावली आणि म्हणाली, "पळत जा. दार उघडून त्यान्ला बाहेर काढ."

धाराशिव मागं पडलं तेव्हा त्याचा फोन आला. त्याच्या आवाजात घाई नव्हती.

"भाभी, सब ठीक हाय. झोपलेत ते लोक. म्या दार वाजवलं, तर मागच्या खिडकीतून म्हाताऱ्यानं पडदा सारला. तोंडावर बोट ठेवलं, गप बस म्हणला. म्हणून मागं झालाव."

महादेवीचा पाय ॲक्सिलरेटरवरून सुटता सुटता राहिला.

"कलीम," ती म्हणाली, "त्या गाडीत म्हातारा न्हाय. म्हातारी हाय. म्हातारा कुणीच न्हाय."

फोनवर फक्त वारा ऐकू येत होता.

"टायर काढायची लोखंडी टॉमी घे आणि दार फोड. म्या आलेच."

ती पोचली तेव्हा भर दुपार होती. लख्ख ऊन, झाडावर माकडं, लांबून देवळातली घंटा. या सगळ्यात ती पांढरी गाडी पडदे लावून मुकाट उभी होती. कलीम टॉमी दाराच्या फटीत घालून लोंबकळत होता, घामानं भिजला होता. "आतून कुणीतरी वढतंय, भाभी," तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "कडी लागल्यासारखं न्हाय. कुणीतरी वढून धरलंय."

महादेवीनं विजेची वायर उपटली. एसीची घरघर थांबली. मग तिनंही टॉमी धरली आणि दोघांनी मिळून अंगाचा सगळा भार टाकला. दार कडाडलं आणि उघडलं.

आतून आलेली हवा ऊबदार होती. एसी आत्ताआत्तापर्यंत चालू असताना.

कृष्णराज दाराशीच पालथा पडला होता, हात पुढं करून. राजनंदिनी बाकड्यावर. "हे दोघं तू घे," महादेवी म्हणाली. "श्वास धर. आत घ्यायचा न्हाय." तिनं छातीत मावेल तेवढी हवा भरली आणि थेट मागं गेली.

दगडाबाई बर्थवर भिंतीकडं सरकून झोपली होती. गाल लाल, चेहरा समाधानी. महादेवीनं काखेत हात घालून तिला ओढलं. अंग निम्मं बर्थबाहेर आलं आणि अडकलं. पुन्हा ओढलं. म्हातारी हलक्या हाडाची, मुठीएवढी, तरी जागची हलेना. तिचा एक हात भिंतीकडं ताणलेला होता, ताठ. महादेवीनं वाकून बघितलं. मनगटाच्या सैल कातडीत चार खळगे पडले होते, बोटांनी घट्ट दाबल्यासारखे. बोटं मात्र नव्हती. पांघरुणाखाली, भिंतीच्या बाजूला, काहीतरी वर येत होतं, थांबत होतं, खाली जात होतं.

महादेवीची छाती फुटायला आली होती. पळ, असं तिचं सगळं अंग सांगत होतं. पण भीतीपेक्षा तिला राग जास्त आला. वाहतं पाणी बघायला आलेल्या या म्हातारीला कुणीतरी आपली म्हणून धरून बसलं होतं. तिनं पाय बर्थच्या फळीला रोवला, दगडाबाईला कवेत घेतलं आणि रोखलेला सगळा श्वास त्या भिंतीवर ओरडून सोडला.

"सोड!"

पांघरूण खाली बसलं. मनगटावरचे खळगे एकेक करून बुजले. दगडाबाईचं अंग सुटलं आणि दोघी मागच्या मागं खाली आपटल्या. मग महादेवी तिला फरफटत, गुडघ्यांवर, दाराच्या उजेडाकडं घेऊन निघाली. कलीमनं आत झेप घेऊन दोघींना बाहेर ओढलं.

गवतावर कृष्णराज ओकत होता. राजनंदिनी रडत होती. म्हणजे दोघं जिवंत होती. दगडाबाई निपचित. महादेवी तिच्या पाठीवर, छातीवर चोळत राहिली, नाव घेत राहिली. मग म्हातारीच्या घशात घरघर झाली, तिला ठसका लागला, आणि तिनं ती सगळी स्वच्छ, रानातली हवा जोरानं आत ओढली.

कलीम जमिनीवर बसला आणि मोठ्यानं हसायला लागला. हसता हसता रडायला लागला.

६

उशिरानं आलेल्या ॲम्ब्युलन्सनं धाराशिवच्या दवाखान्यात नेलं, तिथं तिघांनाही ऑक्सिजन लावला. रक्तात कार्बन मोनॉक्साइड निघाला. आणखी जरा उशीर झाला असता तर, एवढं म्हणून डॉक्टरीणबाई थांबल्या. मग त्यांनी विचारलं, "गाडीत शेगडी होती?"

"नव्हती," सोलापूरहून थेट आलेला बसवेश म्हणाला.

"जनरेटर? कोळसा? उदबत्ती तरी?"

"न्हाय, मॅडम."

त्यांनी पुन्हा एकदा विचारलं आणि मग विचारायचं सोडून दिलं.

दगडाबाई सगळ्यांत आधी बरी झाली. तोंडावरचा मास्क बाजूला सारून तिनं महादेवीला जवळ बोलावलं.

"पोरी, तिथं कोण गं झोपतंय?"

"का ओ, मावशी?"

"'सरक जरा' म्हणत हुतं. लई गोड बोलत हुतं. म्हणून म्या आपली सरकत गेले." ती थोडा वेळ छताकडं बघत राहिली. "तुझी हाक ऐकली, तवा ते दचकलं. भ्यालं ते तुला."

महादेवीच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला.

परतताना बसवेश म्हणाला, "चुकलं माझं. ती गाडी विकून टाकू."

"कुणाला?"

बसवेशनं पिकअपचा वेग कमी केला.

"ज्यानं आपल्याला विकली, त्यानंबी असंच केलं," महादेवी म्हणाली. "पट्टी लावून पुढं ढकललं. आपुन न्हाय ढकलायची. उघडायची. पार फळ्याफळ्या करून."

७

गाडी टोचन करून ओढत आणली आणि वर्कशॉपमागच्या मोकळ्या रानात उभी केली. कुणीही आत बसलं नाही. सकाळच्या उन्हातच कामाला सुरुवात केली. आधी दारं काढली, मग खिडक्या, मग गाद्या. कलीम येडशीहून आला होता. लोहाऱ्याहून कृष्णराज आणि राजनंदिनीही आली, आणि दगडाबाईला घरी राहायचंच नव्हतं. तिला खाटेवर घालून टेम्पोतून आणलं होतं. बांधावरच्या सावलीत खाट ठेवली, तिथून ती एकेक वस्तू बाहेर येताना बघत होती.

मागच्या बर्थची भिंत महादेवीनं स्वतः खोलली. शेवटचा स्क्रू निघाला तसा प्लाय सुटून तिच्या हातात आला. मागं पत्रा होता आणि मधे वीतभर पोकळी. तिथं काही नव्हतं. पण प्लायची आतली बाजू तेलकट, गुळगुळीत झाली होती, वर्षानुवर्षं पाठ टेकून झिजलेल्या भिंतीसारखी. खांद्याच्या उंचीवर दोन खोलगट जागा. बसवेशनं, प्लायवरून हात फिरवल्याशिवाय न राहणाऱ्या बसवेशनं, हात मागं घेतला.

"छप्पर," महादेवी म्हणाली.

कटरची ठिणग्यांची पिचकारी उडाली. चारी बाजू कापून झाल्या, साखळ्या लागल्या, क्रेननं ताण घेतला. पत्रा करकरत वर उचलला गेला आणि उन्हाचा लोट थेट आत पडला.

तेवढ्यात गाडीच्या मागच्या भागातून एक गरम झोत बाहेर पडला. सगळ्यांना जाणवला. वर्कशॉपमधले गडी चार पावलं मागं सरले, कलीमनं डोळे मिटले. महादेवी वाटेतच उभी होती. झोत तिच्यासमोर येऊन थांबला. तिच्या कपाळावरचे केस हलले, मागं गेले, पुढं आले, मागं गेले. कुणीतरी तिचा चेहरा अगदी जवळून न्याहाळत होतं.

ती हलली नाही. "इथं आता भिंत न्हाय," ती म्हणाली. "दार न्हाय. तुला टेकायला कायबी न्हाय. चल, नीघ."

केस खाली बसले. पलीकडच्या सोयाबीनमध्ये एक ओळ हलली. बाकी सगळं शेत निवांत होतं. फक्त त्या एका ओळीतली पानं उलटी होत गेली, पांढुरकी बाजू वर करत, लांब, आणखी लांब, ओढ्याच्या काठापर्यंत. तिथं ती ओळ विस्कटली. मग पानं सुलटी झाली आणि त्यावर खरा वारा आला, साधा, गार, शेतभर सारखा.

खाटेवर दगडाबाई कोपरावर रेटा देऊन उठली होती. इतक्या वर्षांत तिला आधाराशिवाय उठलेलं कुणी बघितलं नव्हतं. कृष्णराजचं तिकडं लक्ष गेलं आणि तो तसाच उभा राहिला.

"पळालं!" म्हातारी ओरडली. "पळालं बघा! पोरीनं पळवलं!"

मग सगळेच ओरडायला लागले. कलीमनं टॉमी हवेत उडवून झेलली. क्रेनवाल्यानं काही न कळताच हॉर्न वाजवला. बसवेश बायकोकडं असा बघत होता, जणू आजच तिची ओळख झाली होती. राजनंदिनीनं सासूला मिठी मारली, तर सासू तिला बाजूला सारून म्हणाली, "सर गं, बघू दे मला."

महादेवी चाकावर पाय ठेवून वर चढली. गाडीत आता फक्त तळाचा पत्रा आणि मागच्या बर्थची उघडी फळी उरली होती. वर आभाळ होतं, चारी बाजूंना रान. ती फळीपाशी गेली, पदरानं तिच्यावरची धूळ झटकली आणि सगळ्यांच्या देखत त्या फळीवर आडवी झाली, दोन्ही हात पसरून. आणि छाती भरून श्वास घेतला.